शेवट पाठ असलेली गोष्ट पुन्हा का ऐकावीशी वाटते?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा कळला. वडील सत्तरीचे, लातूरकडे गावी असतात. दर श्रावणात हरिविजयाची पोथी लावतात आणि एरवी कोणी समोर बसलं की बहात्तरच्या दुष्काळाची तीच हकीकत सांगतात. तुम्ही पुण्यात नोकरीला. रात्री थकून आलात की कितीतरी वेळा पाहिलेली जुनी मालिका लावता आणि हौसेनं आणलेली नवी पुस्तकं तशीच पडून राहतात. घरचे म्हणतात हा आळस आहे. तुम्ही विचारता, शेवट माहीत असलेल्या गोष्टीकडे माणूस पुन्हा पुन्हा का जातो, आणि हे मन थकल्याचं, अडकल्याचं लक्षण तर नाही ना?

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि तरुणपणापासून वारकरी कीर्तन करतो. फिरणं बहुतेक परभणी, हिंगोली, धाराशिव याच पट्ट्यात. कीर्तनकाराचा सगळा व्यवहारच लोकांना पाठ असलेल्या कथांवर चालतो. समोर बसलेल्या मंडळींना काहीतरी नवं कळणार म्हणून कोणी कीर्तनाला येत नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नावर मला जे सांगायचंय ते अनुभवातून आलेलं आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करू. तुम्हाला जुनी गोष्ट आवडते यात तुमची अडचण नाही. ती आवडल्याची लाज वाटते, ही अडचण आहे. आपण धरून चाललोय की गोष्ट म्हणजे ‘पुढे काय झालं’ ते कळवण्याचं साधन. ते एकदा कळलं की तिचं काम संपलं, मग पुन्हा ऐकणं म्हणजे वेळ घालवणं. हे गृहीतच मला मान्य नाही.

गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची कथा घ्या. तेर आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं. कथा मराठवाड्यात लेकरालाही ठाऊक आहे. गोरोबा चिखल तुडवतायत, मुखी विठ्ठलाचं नाम. बायको संती लेकराला अंगणात ठेवते, ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणते आणि पाण्याला जाते. लेकरू रांगत चिखलात येतं आणि भजनात देहभान हरपलेल्या बापाच्या पायाखाली जातं. मी ही कथा सांगतो तेव्हा लेकरू चिखलात येईपर्यंत थांबायची वेळच येत नाही. ‘संतीनं घागर कमरेवर घेतली’ एवढं म्हटलं की बायकांच्या बाजूला पदर डोळ्याला लागतात. अजून काहीही झालेलं नाही. एक बाई पाण्याला निघाली आहे, गावात रोज निघते तशी.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्या वाक्यात फक्त घागर दिसते. ज्याला पुढचं माहीत आहे त्याला त्या घागरीत सगळं दिसतं. ती निघाली, तिनं मागं वळून पाहिलं नाही, विहिरीवर दोन शब्द बोलत थांबली असेल, दोर ओढताना घरची आठवण झाली असेल. यातलं काही पोथीत नसेल, पण ऐकणारी बाई ते स्वतःच्या मनात भरत जाते. शेवट ठाऊक असल्यामुळे आधीची प्रत्येक बारीकसारीक गोष्ट जड होते. उत्सुकता संपली म्हणून रस संपत नाही. उलट पुढे धावायची घाई गेली की माणूस आजूबाजूला बघायला लागतो.

आणि श्रोते ही कथा किती घट्ट धरून असतात ते पाहा. वेळ कमी म्हणून मी कधी पाण्याला जाण्याचा भाग आटोपता घेतला, तर कीर्तन संपल्यावर दर्शनाला आलेली एखादी म्हातारी हमखास म्हणणार, ‘महाराज, संतीचं पाणी राहिलं की हो.’ तिला ते ठाऊक आहे, तिच्यासाठी ते सांगायची गरज नव्हती. तरी ते राहिलेलं तिला चालत नाही. कथा माझी एकट्याची नसतेच. मी सांगतो आणि समोरचे आपापल्या जागी बसून ती तपासत असतात.

आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं असं मला वाटतं. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडाचा पहिलाच सर्ग उघडा. नारद वाल्मीकींना रामाची सबंध कथा थोडक्यात सांगून मोकळे होतात. वनवास, सीताहरण, रावणवध, राज्याभिषेक, सगळं तिथंच उलगडतं, आणि मग हजारो श्लोकांचं काव्य सुरू होतं. महाभारतात तर आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात आंधळा धृतराष्ट्र संजयापुढे विलाप करतो, ‘जेव्हा मी असं असं ऐकलं, तेव्हाच मी विजयाची आशा सोडली’, आणि त्या एकामागून एक येणाऱ्या श्लोकांत द्रौपदीच्या स्वयंवरापासून अश्वत्थाम्याच्या अस्त्रापर्यंत सगळं सांगून टाकतो. शेवट लपवण्याची गरज त्या कवींना वाटली नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातही ‘नाटक’ या प्रकाराला लोकांना आधीपासून माहीत असलेलं कथानक घ्यावं असाच दंडक आहे. कवीनं स्वतः रचलेल्या कथेसाठी ‘प्रकरण’ हा वेगळा प्रकार ठेवलाय. प्रेक्षकाचं लक्ष घटनेतून सुटून रसाकडे जावं, तर घटना आधी ठाऊक असलेली बरी, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण द्यायचं तर पैठणचं एक घर पुरेसं आहे. एकनाथ महाराजांनी वाल्मीकींची जुनीच कथा घेऊन भावार्थ रामायण लिहायला घेतलं. युद्धकांडाच्या ४४ अध्यायांपर्यंत ते आलं आणि पुढचं त्यांच्या शिष्यानं, गावबानं पुरं केलं. त्यांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर, त्यानं महाभारताची पर्वं मराठीत आणली. आजोबांनी रामायण पुन्हा सांगितलं, नातवानं महाभारत. तुमचे वडील जी पोथी लावतात ती श्रीधरस्वामींची, १७०२ सालची, आणि तीही भागवतातल्या कृष्णकथेचं पुन्हा सांगणंच आहे. सांगणाऱ्यांनी जुन्याकडे परत जाणं कधी कमीपणाचं मानलं नाही, मग ऐकणाऱ्यानं का मानावं?

आता यातला दुसरा पदर, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गोष्ट तीच राहते, माणूस तोच राहत नाही. गोरोबांची कथा मी पोरवयात ऐकायचो तेव्हा माझं सगळं लक्ष गोरोबांवर. केवढी ती तल्लीनता! लग्न झालं, लेकरं झाली, तेव्हा लक्ष चिखलाच्या आळ्याकडे गेलं आणि कथा सांगताना घसा दाटायला लागला. आता म्हातारपणी मी संतीकडे बघतो. तिनं त्या घरात नंतरचे दिवस कसे काढले असतील? पुढे गोरोबा शपथ मोडली म्हणून स्वतःचे हात तोडतात. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात ते हात परत येतात, तेव्हा ती देवाकडे आपलं लेकरू मागते आणि ते रांगत येतं. तरुणपणी मला हा शेवट चमत्काराचा वाटायचा. आज मला त्यात तिचं मागणं ऐकू येतं. कथेतला एक शब्दही बदललेला नाही.

माझ्या समोर बसणाऱ्यांत अशा आया असतात ज्यांची लेकरं गेली. कुणाचं आजारपणात, कुणाचं विहिरीत, कुणाच्या कर्त्या मुलानं नापिकीला कंटाळून स्वतःचं बरंवाईट करून घेतलेलं. पूर्वी मला वाटायचं, ही कथा ऐकायला त्यांनी येऊ नये, जखम उघडी होते. त्या येतात. मुद्दाम येतात. एका माऊलीला मी विचारलं, ‘माय, त्रास नाही का होत?’ ती म्हणाली, ‘हितं रडलं तर कुणी पुसत नाही का रडलीस म्हणून.’ मला त्यातून जे कळलं ते असं. ओळखीच्या कथेत दुःखाचा मार्ग आखलेला असतो. कुठे उतार आहे, कुठे वळण आहे, कुठे थांबायचं, हे ठाऊक असतं. नव्या कथेत पुढे काय वाढून ठेवलंय याची धास्ती असते. मोठं दुःख घेऊन बसलेल्या माणसाला ती धास्ती परवडत नाही. तो ओळखीच्या वाटेनं जातो आणि तिथं स्वतःचं ओझं थोडं खाली ठेवतो.

तुमची रात्रीची मालिका याच जातीची आहे. दिवसभर कचेरीत प्रत्येक क्षणी पुढे काय होईल याकडे डोळे लावून बसायचं, मग घरी आल्यावर पुन्हा एका नव्या कथेत, नव्या माणसांची नावं लक्षात ठेवत, तेच करायचं? मन नको म्हणतं. जुन्या मालिकेत तुम्हाला सगळे ओळखीचे आहेत. तिथं तुम्ही पाहुणे नाही. याला मी आळस म्हणणार नाही.

लहान मुलांकडे पाहिलं की हे लख्ख दिसतं. पहिलीच्या वर्गात ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ कितव्यांदा सांगितलं याची गणती नाही. मुलं तीच मागतात आणि वाघाच्या आधी कोल्हा आणला तर अख्खा वर्ग ओरडतो. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे तेच आणि तितक्याच वेळा आलेले. तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द अधिक चांगले लक्षात ठेवले. कुठल्याही पहिलीच्या बाईंना हे अनुभवानं ठाऊक असतं. पहिल्या खेपेला मूल वाघाला घाबरत असतं. वाघाची भीती सरली की मग म्हातारीच्या बोलण्याकडे त्याचं ध्यान जातं.

एकट्यानं ऐकणं आणि चारचौघांत ऐकणं यातही फरक आहे. गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. सातही दिवस कीर्तनकार वेगळे, अभंग वेगळे. शेवटच्या सकाळी मात्र काल्याचं कीर्तन, आणि तिथं विषय ठरलेला: कृष्णाच्या बाललीला. गोपाळ, पेंद्या, शिदोऱ्या, दहीहंडी. कोणी कितीही मोठा कीर्तनकार असो, काल्याला दुसरं चरित्र लावत नाही. आणि सप्ताहात सगळ्यात जास्त गर्दी त्याच दिवशी. कुणी म्हणेल पंगत असते म्हणून. पंगत असतेच. पण पेंद्याची शिदोरी सुटते तेव्हा मंडपात जो हशा येतो तो पंगतीचा नाही. बीडकडची ऊसतोडीला गेलेली मंडळी सहा सहा महिने कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत काढतात. हंगाम संपवून गावी परततात आणि चैत्र-वैशाखातल्या सप्ताहात काल्याला बसतात, तेव्हा बाजूला तोच शेजारी, समोर तोच विणेकरी आणि कानावर तीच कथा. आपण गावात परत आलो हे तेव्हा अंगात उतरतं. हंडी कशी फुटते ते बघायला कुणी बसलेलं नसतं.

वडिलांच्या दुष्काळाच्या हकीकतीबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या लिहिण्यात तिथं थोडा वैताग दिसला.

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीनं अंगावर काढला. बाया-बाप्ये खडी फोडायला, नालाबांधाच्या कामावर. सुकडी वाटली जायची. परदेशातून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. जनावरं सोडून दिली, काहींनी कवडीमोलानं विकली. त्याच्या आधीच्या पिढीकडे रझाकारांच्या रात्री आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतरचा मोकळा श्वास. ही माणसं तीच हकीकत पुन्हा का सांगतात? माझ्या पाहण्यात कारणं दोन. एक, ज्या प्रसंगातून आपण जिवंत बाहेर आलो तो सांगताना माणूस दरवेळी नव्यानं बाहेर येतो. दुसरं, त्यांना अजून हवा तसा श्रोता मिळालेला नसतो. तुम्ही ‘हो हो, माहितीय’ म्हणता, म्हणून कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

इथं कीर्तनातलं एक तंत्र कामाला येईल. कथा पुढे न्यायची असेल तर तिच्या आत एक बारीक प्रश्न टाकावा. ‘बाबा, त्या साली आपल्या विहिरीला पाणी कुठवर होतं? बैल कुणाला दिले? खडीवर मुकादम कोण होता? आजीनं मिलोची भाकरी कशी थापली, तुटायची नाही का ती?’ मग बघा, ठराविक वाक्यं बाजूला पडतात आणि तुम्ही कधी न ऐकलेलं काही निघतं. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. त्यांना सांगून करा, चोरून नको.

एक सावधगिरी. म्हातारी माणसं हकीकत पुन्हा सांगतात तेव्हा बहुतेकांना ठाऊक असतं की आधी सांगितलीय. ‘तुला सांगितलंच असेल’ म्हणत सुरुवात करतात. पण वडील दहा मिनिटांपूर्वी सांगितलेलं पुन्हा अगदी नव्यानं सांगत असतील, नेहमीच्या वाटेवर चुकत असतील, पैशाचा हिशेब जमेनासा झाला असेल, ओळखीची नावं सुटत असतील, तर तो कथेच्या ओढीचा प्रश्न नाही. तेव्हा वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवा. अशा तक्रारींमागे कधी कधी थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता असते आणि त्यावर उपचार होतात, म्हणून वयाचं म्हणून सोडून देऊ नका.

तुमच्या स्वतःच्या बाबतीतही ‘यात काही बिघाड नाही’ असं सरसकट मी म्हणणार नाही. ते परिस्थितीवर आहे. पाहून झाल्यावर तुम्ही हलके होऊन उठता की आणखी जड? झोप मोडून पाहता का? कुणाचा फोन टाळायला, घरातलं एखादं बोलणं लांबवायला ती मालिका लावली जाते का? यांची उत्तरं तुम्हालाच ठाऊक. आणखी एक प्रकार असतो, त्याला मी कथा म्हणत नाही. झालेला अपमान, चुकलेला निर्णय, गेलेलं माणूस, हेच मनात रात्रंदिवस फिरत राहतं. त्यात दरवेळी तेच टोचतं आणि नवं काही दिसत नाही. गोरोबांच्या कथेत जखम आहे तसं पुढे लेकरू परत मिळतं ते पंढरपूरचं वाळवंटही आहे. मनातल्या त्या फेऱ्यात वाळवंट येतच नाही. तसं काही चालू असेल तर जवळच्या माणसाशी बोला, समुपदेशकाकडे जा. तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही, पण लांबून खात्री देता येत नाही.

नव्या पुस्तकांचं म्हणाल तर ती रात्री दहाला, मान मोडेपर्यंत काम करून आल्यावर उघडू नका. नव्या कथेला ताजं मन लागतं. सुटीच्या सकाळी चहाबरोबर पंधरा पानं वाचून बघा. आणि नव्या पुस्तकाची पहिली पानं दोनदा वाचा. ही सवय मला पाठांतरामुळे लागली. पहिल्या वाचनात माणसं कोण ते कळतं, दुसऱ्यात ती बोलायला लागतात. कितीतरी पुस्तकं आपण अनोळखीपणामुळे बाजूला टाकतो, ती वाईट असतात म्हणून नव्हे.

राहता राहिली वडिलांची पोथी. हरिविजयाचे ३६ अध्याय आहेत. रोज एक धरला तर श्रावण पुरत नाही, म्हणून गावात पोथी लावणारे कधी आधी सुरू करतात, कधी एका दिवशी दोन घेतात. तुमच्या घरी कसं करतात ते विचारून घ्या आणि जोडून सुटी मिळेल ते दोन-तीन दिवस गावी जा. आमच्याकडे देवळात एक जण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वडिलांना वाचू द्या, तुम्ही अर्थ सांगा. अडलात तर ते सांगतीलच, त्यांना सगळं पाठ असणार. जमलं तर रुक्मिणी स्वयंवराच्या अध्यायाला पोहोचा. काही गावांत त्या दिवशी ऐकणारे अक्षता घेऊन बसतात, तुमच्या गावात तशी रीत असेल तर आईला आधीच फोन करून तांदळाला कुंकू लावून ठेवायला सांगा.